बाप, मामा आणि चूल: पितृत्व व कुटुंबाच्या मानववंशशास्त्रीय अभ्यासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजशास्त्राचे विद्यार्थी, बालवाडीच्या शिक्षिका, नुकतेच बाप झालेले तरुण आणि त्या तरुणांच्या कामावर नजर ठेवून असलेल्या सासूबाई, अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बाप म्हणजे बाप. त्यात मानववंशशास्त्राने शोधायचं काय?

बापाच्या खात्यावर आपण निदान सहा कामं टाकतो: जन्माला कारण होणं, नाव आणि कूळ देणं, पोसणं, अंगाखांद्यावर सांभाळणं, धाक दाखवणं आणि मागे काही ठेवून जाणं. ही सहाही कामं एकाच माणसाने करायची असा नियम जगात फार थोड्या ठिकाणी आहे. कुठे धाक मामाचा असतो, कुठे कूळ आईचं असतं, कुठे पोसायला दोन पुरुष असतात. आपल्याकडेही बारशाला बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायला आत्या लागते आणि जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं. बाप त्या वेळी बहुधा फोटो काढत असतो.

म्हणून अभ्यासकाचा पहिला प्रश्न ‘चांगला बाप कोण?’ हा नसतो. ‘यातलं कोणतं काम इथे कोण करतं, आणि हे आपल्याला कशावरून कळलं?’ असा तो असतो. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका प्रश्नाला धरून आहेत.

२. मुंबईत हा विषय कुठे शिकता येतो?

मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. पुढे तो गो. स. घुर्ये यांनी वाढवला. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. आज हा विभाग कलिन्याच्या संकुलात आहे. देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था जवळजवळ आहेत. कुटुंबाविषयी आकडे हवे असतील तर यांतल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत जा, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिथूनच चालतं. मानववंशशास्त्राचा स्वतंत्र विभाग हवा असेल तर पुणे विद्यापीठ गाठावं लागतं.

३. जन्म देणारा बाप आणि नाव देणारा बाप वेगळे असू शकतात का?

असू शकतात, आणि याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांचं आहे. ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. नुएर समाजात मूल कोणाचं हे लग्नात दिलेल्या गुरांवरून ठरतं. एखादा पुरुष निपुत्रिक वारला तर त्याचा भाऊबंद त्या मृताच्या नावाने गुरं देऊन लग्न करतो. होणारी मुलं त्या मेलेल्या माणसाची. मूल न झालेली बाईसुद्धा गुरं देऊन दुसऱ्या बाईशी लग्न लावू शकते. मुलांचा जनक कोणी तिसरा पुरुष असतो, पण कायदेशीर ‘बाप’ ही बाईच.

हे ऐकून नाक मुरडण्याआधी मनुस्मृतीचा नववा अध्याय पाहावा. तिथे पुत्रांचे बारा प्रकार दिले आहेत. औरस, क्षेत्रज, दत्तक हे आपल्याला माहीत असतात. पण ‘गूढोत्पन्न’ म्हणजे घरात गुपचूप जन्मलेला आणि जनक ठाऊक नसलेला मुलगा, आणि ‘सहोढ’ म्हणजे लग्नाच्या वेळी वधूच्या पोटात असलेला मुलगा. दोघेही त्या बाईच्या नवऱ्याचेच धरले जातात. उद्योगपर्वात श्रीकृष्ण कर्णाला हाच नियम ऐकवतो: तू कानीन, म्हणजे आईच्या लग्नाआधी जन्मलेला, म्हणून धर्माने पांडूचा पुत्र. जनक आणि पिता यांतला फरक आपल्या परंपरेला चांगलाच ठाऊक होता.

४. जगात बाळाच्या सर्वांत जवळ राहणारे बाप कुठले?

मध्य आफ्रिकेच्या जंगलातले आका. बॅरी ह्यूलेट यांच्या मोजणीनुसार आका बाप दिवसाचा सुमारे ४७ टक्के वेळ बाळाला घेऊन तरी असतात किंवा हात पुरेल इतक्या अंतरावर तरी असतात. रडणाऱ्या तान्ह्याला शांत करायला ते स्वतःचं स्तनाग्रही तोंडात देतात.

हा आकडा सगळीकडे फिरतो आणि बहुतेक वेळा चुकीचा वाचला जातो. ‘हाताच्या अंतरावर’ आणि ‘कडेवर’ ही दोन वेगळी मापं आहेत, आणि आका समाजातही बाळाला जास्त वेळ आईच घेते. दुसरं म्हणजे आका पुरुष मनाने जास्त मऊ म्हणून असं घडतं, असं ह्यूलेट म्हणत नाहीत. आका जाळं लावून शिकार करतात. त्यात बायका-पुरुष-मुलं सगळी जातात, त्यामुळे नवरा-बायको दिवसभर बरोबर असतात. जिथे जोडप्याचं काम एकत्र, तिथे बाळ हातोहात फिरतं. बाप सकाळी सहा-चाळीसची बदलापूर लोकल पकडून फोर्टला जात असेल, तर त्याची माया मोजण्याआधी प्रवासाचे तास मोजावेत.

५. ‘आई जोजवते, बाप उडवून झेलतो’, हे निसर्गानेच ठरवलं आहे ना?

नाही. ही समजूत प्रामुख्याने अमेरिका-युरोपातल्या घरांत झालेल्या अभ्यासांतून पसरली. तिथे बाप संध्याकाळी घरी येतो, हाती थोडा वेळ असतो, आणि त्या वेळात दंगामस्ती करून मुलाशी नातं जोडतो. आका बापांवर (प्रश्न ४) नजर ठेवून केलेल्या २६४ तासांच्या निरीक्षणात अशी अंगमस्ती ह्यूलेट यांना एकदाच दिसली. दिवसभर बाळाजवळ असलेल्या माणसाला त्याचं लक्ष वेधून घ्यायला हवेत उडवावं लागत नाही, असं त्यांचं स्पष्टीकरण. आम्हाला ते पटतं.

६. बापाऐवजी मामाच कर्ता असतो असे समाज खरंच आहेत का?

आहेत, आणि काही आपल्याच देशात आहेत. पण ‘बापाऐवजी’ हा शब्द जपून वापरावा.

ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की १९१५ ते १९१८ या काळात आताच्या पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिले. तिथे कूळ आईकडून चालतं. मुलगा वारस असतो मामाचा, आणि मोठा झाल्यावर त्याने मामाच्या गावी जावं अशी अपेक्षा असते. कंदांचं पीक निघालं की त्यातला मोठा वाटा भाऊ आपल्या बहिणीच्या घरी पोचवतो. धाकही मामाचाच. मग बाप काय करतो? तान्ह्याला मांडीवर घेतो, पुसतो, भरवतो, फिरवतो. आईच्या ओढीमुळे मुलाचा राग बापावर असतो, असं मानणाऱ्या मनोविश्लेषक फ्रॉईडला मॅलिनोव्स्कींनी यावरून आव्हान दिलं: मुलाचा राग बापावर असतो तो आईमुळे की अधिकारामुळे? ट्रोब्रिआंडमध्ये कुरबुर मामाशी होती आणि बापाशी गट्टी होती. पुढे १९७० च्या दशकात अ‍ॅनेट वायनर यांनी त्याच बेटांवर काम करून दाखवलं की बापाकडून मुलांना मिळणाऱ्या भेटी, जमीन वापरण्याची मुभा आणि नाती मॅलिनोव्स्कींना वाटलं त्यापेक्षा बरीच वजनदार आहेत.

चीनच्या युन्नान भागातले मोसुओ ‘बाप नसलेला समाज’ म्हणून पर्यटकांना दाखवले जातात. पुरुष रात्री जोडीदारिणीकडे जातो, सकाळी आईच्या घरी परततो आणि बहिणीची मुलं वाढवतो. पण सिओभान मॅटिसन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात दिसलं की बरेच मोसुओ बाप स्वतःच्या मुलांवर वेळ आणि पैसा घालतात, आणि त्याचा चांगला परिणामही दिसतो. सांगितलेला नियम आणि रोजचं वागणं यांत अंतर असतं, ते असं.

मेघालयात खासी समाजात कूळ आईचं, घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जातं आणि मामाचा शब्द मोठा असतो. पण रोजच्या घरात बाप असतोच. केरळच्या नायर तरवाडांत, म्हणजे आईच्या कुळाच्या एकत्र घरांत, एके काळी कर्ता मामा असे आणि नवरा पाहुण्यासारखा येई. कॅथलीन गफ यांनी १९५९ मध्ये यावर लिहिलं तेव्हा ‘मग लग्न म्हणायचं कशाला?’ असा वाद पेटला. ती व्यवस्था विसाव्या शतकात विरत गेली आणि केरळने १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबाची मालकीच रद्द केली.

महाराष्ट्र या नकाशावर मध्येच बसतो. इरावती कर्व्यांनी भारताचे नातेव्यवस्थेनुसार विभाग पाडले तेव्हा आपल्याला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवलं. कूळ बापाचं, पण अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं. लग्नात अंतरपाटाशी वधूला घेऊन येणारा मामा काही फक्त शोभेला नसतो.

७. एका मुलाला दोन बाप असतात असं वाचलं. म्हणजे काय?

दक्षिण अमेरिकेच्या सखल भागातल्या अनेक समाजांत अशी समजूत आहे की गर्भ एका समागमाने बनत नाही, पुन्हा पुन्हा भर घालून तो वाढतो. गरोदरपणात त्या बाईशी संबंध आलेला दुसरा पुरुषही मग बापच. व्हेनेझुएला-कोलंबिया सीमेवरच्या बारी लोकांत असा दुय्यम बाप गरोदर बाईला मासे आणि शिकारीचं मांस आणून देतो. स्टीव्हन बेकरमन यांच्या गटाने बायकांच्या बाळंतपणांचा इतिहास गोळा केला. दुय्यम बाप असलेली ८० टक्के मुलं पंधरा वर्षांची झाली. नसलेल्यांत हे प्रमाण ६४ टक्के होतं.

हे ‘दोन बाप बरे’ असं प्रमाणपत्र समजू नये. बाप लवकर मरण्याची शक्यता जिथे मोठी, तिथे जास्तीच्या माणसाची शिकार हा आधार ठरतो, इतकंच यातून म्हणता येतं.

८. बाप झाल्यावर पुरुषाच्या शरीरात खरंच काही बदलतं का?

बदलतं. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ली गेटलर, क्रिस्टोफर कुझावा आणि सहकाऱ्यांनी ६२४ तरुणांची लाळ २००५ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये तपासली. सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) जास्त असलेल्यांची पुढे जोडीदार आणि मूल होण्याची शक्यता जास्त निघाली. बाप झाल्यावर मात्र त्यांचंच टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा बरंच जास्त घसरलं. रोज तीन तास किंवा अधिक मुलाची देखभाल करणाऱ्यांत ते सर्वांत कमी होतं. एकाच माणसाला दोनदा तपासलं हे या अभ्यासाचं बळ. एकदाच तपासलं असतं तर ‘कमी टेस्टोस्टेरॉनवालेच बाप होतात’ असा उलटा निष्कर्ष निघाला असता.

पण नुसतं बाप होणं पुरेसं नाही. टांझानियात हाड्झा आणि दातोगा शेजारी राहतात. हाड्झा बाप मुलांबरोबर बराच वेळ घालवतात आणि त्यांच्यात बाप आणि बाप नसलेले यांच्या पातळीत फरक दिसतो. दातोगा पशुपालकांत तान्ह्यांची देखभाल बायकांकडेच असते आणि तिथे असा फरक दिसत नाही. मार्टिन म्युलर आणि सहकाऱ्यांनी हे २००९ मध्ये मांडलं.

कोणी घरी चाचणी करायच्या विचारात असेल तर: टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असतं. वेळ न नोंदवलेला नमुना फुकट जातो. आणि बाप झाल्यावर घटलेली पातळी हा आजार नाही, त्यावर औषध घेऊ नये.

९. बाप नसला तर मुलाचं आयुष्य धोक्यात येतं का?

आकडे अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचे आहेत. रेबेका सियर आणि रूथ मेस यांनी २००८ मध्ये ४५ लोकसमूहांवरचे अभ्यास एकत्र तपासले. हे बहुतेक समूह आधुनिक वैद्यक न पोचलेले होते. आई गेली तर मुलाचा मृत्यूचा धोका सगळीकडे वाढला. बाप गेल्याचा परिणाम मात्र साधारण एक-तृतीयांश समूहांतच दिसला. आईची आई जवळ असणं पुष्कळ ठिकाणी जास्त उपयोगी ठरलं.

याचा अर्थ बाप बिनकामाचा असा नाही. इथे मोजलं ते फक्त जगणं-मरणं. शिक्षण, लग्न, जमीन, समाजातली पत यांत बापाचा वाटा असू शकतो, पण बालमृत्यूच्या तक्त्यात तो दिसणार नाही. शिवाय बाप गेल्यावर काका, आजी, मामा पुढे येतात, म्हणजे काम कोणीतरी उचलतंच. सस्तन प्राण्यांत नराने पिल्लांची थेट काळजी घेणं जेमतेम ५ टक्के जातींत आढळतं. त्या तुलनेत माणसाचा बाप बरंच काही करतो.

१०. आमचे आजोबा स्वतःच्या मुलांना कधीच कडेवर घेत नसत. त्यांना माया नव्हती का?

माया होती की नव्हती हे वागण्यावरून लगेच ठरवू नका. १९५० च्या दशकात जॉन आणि बिअ‍ॅट्रिस व्हायटिंग यांनी सहा देशांतल्या मुलांच्या संगोपनाचा तुलनात्मक अभ्यास उभा केला. त्यातलं एक गाव उत्तर प्रदेशातलं खालापूर होतं. तिथल्या राजपूत घरांत पुरुष बैठकीत झोपत, बायका आतल्या अंगणात. तरुण बापाने स्वतःच्या वडिलांसमोर मूल उचलणं किंवा बायकोशी बोलणं म्हणजे मर्यादा सोडणं समजलं जाई. आजोबा मात्र नातवंडाला खुशाल खेळवत.

म्हणजे लपवलेली गोष्ट मुलावरची माया नव्हती, बायकोशी असलेली जवळीक होती. मूल हा तिचा पुरावा. जुन्या मराठी घरांतही ‘वडीलधाऱ्यांसमोर पोराला काय कुरवाळायचं’ हे ऐकलेलं असेल. तोच माणूस पुढे नातवाला खांद्यावर घेऊन दादर चौपाटीवर जाई, तेव्हा त्याच्यावरचा हा पहारा उठलेला असे.

११. पूर्वी सगळे एकत्र कुटुंबातच राहायचे, आता तुटलं. हे खरं का?

निम्मं. अ. म. शाह यांनी गुजरातेतल्या गावाच्या अभ्यासातून १९७० च्या दशकात दाखवलं की ‘घर’ आणि ‘कुटुंब’ ही दोन मापं आपण सरमिसळ करून वापरतो. एका चुलीवर जेवणारे किती, हे एक. इस्टेट, देवघर, सुतक, लग्नकार्य कोणाचं एकत्र, हे दुसरं. मोठी एकत्र घरं पूर्वीही सर्रास नव्हती, आयुष्यमान कमी असताना तीन पिढ्या एका छपराखाली भेटणंच कठीण. उलट आय. पी. देसाई यांना गुजरातेतल्याच महुवा या छोट्या शहरात चूल वेगळी करूनही व्यवहार एकत्र ठेवणारी पुष्कळ कुटुंबं सापडली.

डोंबिवलीत एक भाऊ, विरारला दुसरा, गणपतीला दोघेही गावच्या घरी आणि सातबाऱ्यावर दोघांची नावं: हे घर दोन, कुटुंब एक. अर्ज भरताना मात्र ‘विभक्त’ असं लिहितात.

१२. गावी बायकामुलं आणि मुंबईत एकटा बाप: गिरणगावातल्या अशा घरांना काय म्हणायचं?

अभ्यासाच्या भाषेत हे ‘दोन ठिकाणी विभागलेलं घर’. कोकणातला आणि घाटावरचा चाकरमानी परळ-लालबागच्या खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर पाळीपाळीने झोपे, मनीऑर्डर पाठवी आणि शिमगा-गणपतीला गावी जाई. पोसणं, नाव आणि अधिकार बापाकडे, सांभाळणं आई-आजीकडे, आणि शाळेचा धाक मास्तरांकडे. त्याचं स्वतःचं जेवण खानावळवाली बाई रांधे. याच बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये बांधली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने अडीच लाखांच्या आसपास कामगारांचं हे गणित मोडलं. पोसण्याचं काम हातातून गेल्यावर बापाकडे काय उरतं, हा प्रश्न त्या पिढीच्या मौखिक इतिहासात पुन्हा पुन्हा येतो.

अशा घरात ‘बाप मुलांबरोबर किती तास?’ एवढंच विचाराल तर उत्तर शून्य येईल. पैसे, पत्रं आणि निर्णय यांची वेगळी नोंद ठेवा.

१३. भारतातले बाप मुलांना रोज किती वेळ देतात?

लोक ज्या आकड्याचा हवाला देतात तो राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातला आहे. घरातल्यांची विनामोबदला देखभाल: पुरुष ७६ मिनिटं, स्त्रिया १३४ मिनिटं. बातमीत एवढंच येतं. पण ही सरासरी त्या दिवशी असं काम केलेल्यांचीच आहे, आणि असे पुरुष होते १४ टक्के, स्त्रिया २७.६ टक्के. सगळ्या पुरुषांवर पसरलं तर वाटणीला साधारण १०-११ मिनिटं येतात, स्त्रियांना ३७.

शिवाय हा आकडा बापांचा नाहीच. सहा वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांचा आहे, त्यात शाळकरी मुलं आणि आजोबाही आले. देखभालीत आजारी आणि वृद्धही आले. नोंद पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार अशी, अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी होते. बाळाला मांडीवर घेऊन बातम्या पाहिल्या तर तो वेळ कुठे लिहायचा, यावर बरंच अवलंबून असतं.

रजेचं विचाराल तर केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना दोन मुलांपर्यंत १५ दिवस पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत तसा सरसकट कायदा नाही.

१४. कॉलेजच्या प्रकल्पासाठी आमच्या सोसायटीत छोटा अभ्यास करायचा आहे. कसा करू?

पाच वर्षांखालचं मूल असलेली १२ घरं पुरेत. इमारत शक्यतो एकाच प्रकारची घ्या. चाळ, एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत) आणि टॉवर मिसळले तर फरक बापामुळे की जागेमुळे, हे कळणार नाही.

आधी कामांची यादी ठरवा: भरवणं, आंघोळ, शी-शू, झोपवणं, शाळेत सोडणं-आणणं, डॉक्टर, खेळ, अभ्यास, आणि नुसतं लक्ष ठेवणं. शेवटचं विसरू नका, देखभालीचा मोठा भाग तोच असतो.

मग दोन पद्धती एकत्र वापरा. पहिली अचानक पाहणी. सकाळी ६ ते रात्री १० मधल्या वेळांच्या चिठ्ठ्या टाकून प्रत्येक घराला दहा वेळा काढा. परवानगी आधीच घ्या, पण नेमकी वेळ सांगू नका. दार उघडताच पहिल्या नजरेत जे दिसेल तेच लिहा: मूल कोणाच्या हातात, हाताच्या अंतरावर कोण, नजरेच्या टप्प्यात कोण, घरात नाही कोण. ‘या, बसा’ झालं की चित्र बदलतं आणि बाप मुलाला उचलून घेतो. १२ घरांच्या १२० नोंदी होतील. त्यातून गटाबद्दल बोलता येईल, एखाद्या घराबद्दल नाही.

दुसरी पद्धत म्हणजे कालच्या २४ तासांची उजळणी: दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. आई आणि बाप यांना वेगवेगळं विचारा, एकमेकांसमोर नको, सासूबाईंसमोर तर नकोच. रात्रीची जागरणं फक्त यातच सापडतात. दोघांच्या उत्तरांत तफावत येणारच. सरासरी काढून ती बुजवू नका, दोन्ही आकडे शेजारी छापा.

जे नेहमी फसतं ते असं. फक्त रविवारी गेलात तर सगळे बाप आका (प्रश्न ४) निघतात. मे महिन्यात मुलं गावी असतात. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. आणि पहिलं बाळंतपण बहुतेकदा माहेरी होतं, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने बाप तिथे पाहुणा असतो. बाळाचं वय आणि आई-बाळ कोणत्या घरी आहेत, हे न लिहिता ‘बापाचा सहभाग कमी’ असं लिहिणं ही या विषयातली सर्वांत सोपी चूक.

१५. वंशावळ कशी काढायची?

पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, अपत्याला उभी रेघ, भावंडांना वरून जोडणारी आडवी रेघ, मृताच्या चिन्हावर तिरपी रेघ. मध्यभागी ज्याच्या तोंडून माहिती घेताय तो ‘मी’. भावंडं डावीकडून उजवीकडे वयाने. वंशावळी गोळा करण्याची पद्धत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत बसवली आणि ती आजही वापरतात.

नातं आणि हाक वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. जुन्या एकत्र घरांत मुलं बापाला ‘भाऊ’ किंवा ‘अण्णा’ आणि आईला ‘वहिनी’ म्हणतात, कारण घरात बाकीचे तसंच म्हणतात. हाकेवरून नातं लावाल तर बाप काका होऊन बसेल. लहानपणी वारलेली मुलं आणि लग्न होऊन गेलेल्या आत्या मुद्दाम विचाराव्या लागतात.

१६. सावत्र बाप, दत्तक बाप, किंवा आई एकटीच: अशा घरात ‘बाप’ म्हणून कोणाला धरायचं?

कोणालाच आधी धरू नका. प्रश्न १ मधली सहा कामं उभ्या रकान्यात आणि घरातली-घराबाहेरची माणसं आडव्या ओळीत लिहा, मग खुणा करा. एकट्या आईच्या घरात पोसणं आईकडे, शाळेत सोडणं आजोबांकडे, धाक मामाचा असं दिसेल. सावत्र बापाचा रकाना रिकामाच असेल असं मानू नका, पण फरक लपवूही नका. फ्रँक मार्लो यांना हाड्झांमध्ये (प्रश्न ८) सख्ख्या मुलांकडे बापांचं लक्ष जास्त आढळलं होतं. दत्तक घेतलेल्यांसाठी वंशावळीत तुटक रेघ वापरा, तीही घरच्यांनी स्वतः सांगितलं असेल तरच.

१७. डीएनए तपासून खरा बाप ठरवता येतो. मग एवढा खटाटोप कशाला?

डीएनए बापाच्या सहा कामांपैकी (प्रश्न १) एकाच कामाचं उत्तर देतो. नामिबियातल्या हिंबा लोकांत ब्रूक सेल्झा आणि सहकाऱ्यांना २०२० मध्ये ४८ टक्के मुलांचा जनक आईचा नवरा नसल्याचं आढळलं. हे गुपित नव्हतं, आयाच काय, नवरेही बहुतेकदा बरोबर सांगत होते. तरी मुलं नवऱ्याच्याच घरची. युरोपातल्या काही वंशावळींच्या अभ्यासांत हेच प्रमाण पिढीमागे १ टक्क्याच्या आसपास निघतं, म्हणून एका समाजाचा आकडा दुसऱ्याला लावू नये. हिंबा अभ्यासात कोणाच्या मुलाचा निकाल काय हे मुलाखती घेणाऱ्यांनाही कळू नये, अशी व्यवस्था होती. हौस म्हणून शेजाऱ्यांच्या लाळेचे नमुने गोळा करू नका. एक चुकलेला कागद घर मोडतो.

१८. मुलाच्या नावात आता आईचंही नाव येतं. म्हणजे पितृवंश संपला का?

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. आडनाव बहुधा बापाकडूनच येतं, तेव्हा वंश मोजण्याची पद्धत तीच राहिली, आई नोंदीत आली. पालकत्वाचा बदल वेगळा आहे. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक आधी बाप आणि ‘त्यानंतर’ आई असं आहे. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘त्यानंतर’चा अर्थ ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा लावला, म्हणजे बाप जिवंत असूनही लक्ष घालत नसेल तर आई पालक. २०१५ मध्ये अविवाहित आईला जनकाचं नाव न सांगता पालकत्व मागायची वाट मोकळी झाली.

१९. परवानगी कोणाची घ्यायची? आणि पाहणीत मुलाचा छळ दिसला तर?

लेखी संमती आई आणि बाप दोघांची, मराठीत, वाचून दाखवून. एकाने हो आणि दुसऱ्याने नाही म्हटलं तर ते घर सोडून द्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरच्या मुलाची तोंडी आणि बारा वर्षांवरच्याची लेखी तयारीही लागते. आईबापांचा होकार असूनही मूल नको म्हणालं तर थांबायचं. नावांऐवजी क्रमांक द्या. मजला आणि बापाचं कामाचं ठिकाण एकत्र छापू नका, सोसायटीत तेवढ्यावर घर ओळखलं जातं.

‘सगळं गुप्त राहील’ असं सरसकट वचन मात्र देऊ नका. मुलाच्या लैंगिक छळाची माहिती कळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, विद्यार्थ्यालाही. हा अपवाद संमतीपत्रातच ठळक लिहा. मारहाण दिसली तर १०९८ वर फोन करा आणि त्याच दिवशी मार्गदर्शकांना सांगा. घरातल्या कोणाला जाब विचारायला जाऊ नका, तुम्ही निघून गेल्यावर त्याची किंमत मूल मोजतं. त्या घरच्या नोंदी बाजूला ठेवा आणि पुढची भेट रद्द करा.